मधलं नाव

"हे काय आहे?" आगाशे मॅडमनी चित्राचं कार्ड पुढे धरलं.

"पाखरू," इंदुबाई म्हणाल्या.

"कुठलं पाखरू?"

"पावसात नाचतंय ते. पिसाऱ्याचं."

"बरोबर. पण त्याचं नाव काय?"

इंदुबाईंनी कार्डाकडे पाहिलं, मग मॅडमकडे, मग खिडकीबाहेरच्या सायकल स्टँडकडे. "म्हायती हाय की मला," त्या म्हणाल्या.

मॅडमनी थोडा वेळ वाट पाहून कार्ड खाली ठेवलं. शेजारच्या खुर्चीत बसून मी उत्तरं टिपत होते. मोरापुढे मी फुली मारली. पुढचं कार्ड चंद्राचं होतं. त्याला इंदुबाई 'रातचा दिवा' म्हणाल्या. गुलाबाला 'काट्याचं फूल' म्हणाल्या. कात्री, कुलूप, तराजू, छत्री मात्र त्यांनी धडाधड सांगितलं. चमचा दाखवल्यावर आधी 'कालथा' म्हणाल्या आणि मग स्वतःच जीभ चावून 'चमचा, चमचा' असं दुरुस्त केलं.

या गोष्टीला आता पंचवीसहून जास्त वर्षं झाली. मिरजेतल्या एका धर्मादाय हॉस्पिटलच्या वाचा-उपचार विभागात मी नुकतीच लागले होते. डिग्री ताजी होती आणि अंगात रगही होती. आगाशे मॅडम विभागाच्या प्रमुख. बारीक चणीच्या, पुण्याच्या, कडक इस्त्रीच्या सुती साड्या नेसणाऱ्या. त्या कुणावर ओरडत नसत, पण 'असं का?' एवढंच विचारत आणि समोरच्याला घाम फुटे.

इंदुबाई जगदाळे तासगावकडच्या एका लहान गावच्या सरपंच. वय साठीच्या आतबाहेर, कपाळ मोकळं, लुगडं स्वच्छ धुतलेलं. अर्धांगाचा सौम्य झटका येऊन गेला होता. उजवा हात अजून नीट उचलत नव्हता, ओठाचा एक कोपरा खाली ओघळला होता आणि बोलणं जरा जड येत होतं. त्यांना घेऊन आली होती त्यांची लेक सुलभा. ती सांगलीत दिलेली, शिवणकाम करणारी, मनात आलेलं थेट बोलणारी बाई होती.

कार्डं संपल्यावर मॅडमनी सुलभाला बाहेर बोलावलं. मीही गेले.

"शब्द सापडायला त्रास होतोय," मॅडम म्हणाल्या. "वस्तू ओळखतात, तिचं वर्णन करतात, पण नाव येत नाही. मेंदूच्या त्या भागाला धक्का बसला की असं होतं."

सुलभाचा चेहरा उतरला. "म्हणजे दाखल्यावर तसंच लिहिणार तुम्ही?"

दाखल्याचं प्रकरण असं होतं. इंदुबाईंना झटका आल्याला महिना झाला नव्हता, तोच उपसरपंच हिंदुराव खराडे यांनी तालुक्याला अर्ज ठोकला. सरपंचबाईंची वाचा गेली, समज गेली, गावचं काम अडलं, तरी कारभार माझ्याकडे द्यावा. तालुक्याहून हॉस्पिटलला पत्र आलं की बाईंना तपासा. पुढच्या सोमवारी खुद्द विस्तार अधिकारी येणार होते.

"आणि कारभार त्याच्याकडे गेला की पाण्याची टाकी गेली," सुलभा म्हणाली. "आईनं ठराव केलाय खालच्या आळीत बांधायचा. तिथल्या बायका ओढ्यापलीकडनं पाणी आणतात. हिंदुराव काकाला ती स्वतःच्या मळ्याला लागून पाहिजे. आईच्या आजारपणाचा त्याला एवढा पुळका उगीच नाही आला."

"टाकी कुठं बांधायची हे मी ठरवू शकत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण नुसत्या कार्डांवरून मी शिक्काही मारणार नाही. विशाखा, तू यांच्या संभाषणाचा नमुना घे. भरपूर घे. चाचणीत माणूस परीक्षेला बसतो, गप्पांत तो घरी बसतो."

संभाषणाचा नमुना म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, रुग्णाशी साध्या गप्पा मारायच्या आणि टेपवर घ्यायच्या. मग त्या शब्दन्‌शब्द कागदावर उतरवायच्या. माणूस कुठं थांबला, कुठं अडखळला, कुठं शब्द शोधत राहिला, सगळं जसंच्या तसं. ऐकायला सोपं वाटतं. अर्ध्या तासाच्या गप्पा उतरवायला पुरा दिवस जातो आणि मान मोडून येते. माझ्या बरोबरीच्या मुली या कामाला नाक मुरडत. मला ते मनापासून आवडायचं. माझा स्वभावच चिकट आहे, एखादी गोष्ट धरली की सोडवत नाही. त्याबद्दल लग्नाआधी आईची बोलणी खाल्ली आणि लग्नानंतर नवऱ्याची, पण त्याच चिकटपणावर माझं पोट चाललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलच्या मागच्या व्हरांड्यात आम्ही तिघी बसलो. मी चहा मागवला आणि टेप चालू केला.

"काय बोलू?" इंदुबाईंनी टेपकडे संशयानं बघत विचारलं.

"काहीही बोला मावशी."

"काहीबी बोलायला मी काय पुढारी हाय?" त्या म्हणाल्या. तोंड वाकडं असल्यानं हसूही एकाच बाजूनं आलं. "तुझं लगीन झालं का?"

"नाही अजून."

"मग तूच सांग की. का न्हाई केलंस?"

पहिली पाच-सात मिनिटं त्यांनीच माझी मुलाखत घेतली. मग मी हळूच विचारलं, "सरपंच कशा झालात?"

"आरक्षण पडलं बाईचं. हिंदुरावला वाटलं, बाई म्हंजी रबरी शिक्का. दाबला की उठतोय. माझे धनी जाऊन पंधरा वर्सं झाली, मागं कोन बोलनारं न्हाई, म्हनून मलाच उभी केली त्यानं. पैल्या सभेत मी म्हनले, अंदाजपत्रक वाचून दावा. त्याला ठसकाच लागला. ग्रामसेवक बिचारा पानी आनाया पळाला."

सुलभा खुदकन हसली.

"त्या दिवशी काय झालं, पडलात तेव्हा?" मी विचारलं.

"न्हाणीत गेले पाय धुवाया. तांब्या धरला, आन् हातच कुठं गेला समजंना. तांब्या खाली, मी खाली."

"मी माहेरी आलेले होते म्हणून बरं," सुलभा म्हणाली. "मोरीत धाडकन आवाज झाला. पळत जाऊन बघते तर आई मोरीत आडवी."

"न्हाणीत घसरले म्हनून लोकांना सांगितलं हिनं," इंदुबाई म्हणाल्या. "मी म्हनले, खरं सांग. सरपंच खोटं सांगत न्हाई."

बोलता बोलता त्या एका ठिकाणी खरोखर अडकल्या. विहिरीवरच्या पंपाची गोष्ट चालली होती. "ते बसवलं हुतं न्हवं... ते... अगं ते गं..." डावा हात हवेत गरगर फिरवला, डोळे मिटले, कपाळाला आठ्या पडल्या आणि शेवटी शब्द सापडला. "मोटर." आणि दमल्यासारखा श्वास सोडला.

सगळ्या गप्पा मी त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी उतरवल्या. कानाला हेडफोन, समोर कागद, एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, मागं न्यायचं, पुन्हा ऐकायचं. आणि उतरवता उतरवता मला काहीतरी खटकायला लागलं.

मेंदूला धक्का बसला की अवघड, क्वचित लागणारे शब्द आधी जातात. रोजचे, लहानपणापासूनचे शब्द सहसा टिकतात. इथं सगळा उलटा कारभार होता. इंदुबाईंना 'अंदाजपत्रक' येत होतं, 'ठरावाची नक्कल' येत होती आणि मोर येत नव्हता. पोरासोरांना येतो तो मोर.

दुसरी गोष्ट त्याहून विचित्र. मोटरीच्या आधी त्यांनी शब्द शोधला होता. टेपवर तो शोध ऐकू येत होता, थांबणं, धडपड, सुस्कारा, सगळं. पण 'सुलभाच्या लग्नात होतं ते पिवळं मोडलं' असं त्या सोन्याबद्दल म्हणाल्या, तेव्हा मध्ये टाचणीएवढीही फट नव्हती. 'सगळ्यांच्या पुढ्यात सांगितलं' म्हणाल्या, कधीही 'समोर' म्हणाल्या नाहीत, आणि तिथंही अडखळ नाही. वाटेत खड्डा आहे हे पक्कं ठाऊक असलेला गाडीवान जसा लांबूनच बैल वळवतो, तशा त्या वळत होत्या. शब्द हरवलेला माणूस असा वळत नाही, तो खड्ड्यात पडतो.

म्हणजे पाणी कुठंतरी मुरत होतं. पण कुठं, ते काही माझ्या लक्षात येईना.

शुक्रवारी सुलभा आईची औषधं न्यायला आली. टेपवरचं तिचं एक वाक्य मला नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून मी तिला हेडफोन दिले.

"मोरीत आडवी, असं म्हटलंय मी," ती म्हणाली.

"तुम्ही मोरी म्हणता आणि आई न्हाणी म्हणतात," मी सहज बोलले. "एकाच घरात दोन शब्द."

"आई मोरी कशी म्हणेल?"

"का?"

सुलभा माझ्याकडे बघत राहिली, जणू मी सूर्य कुठं उगवतो असं विचारलं होतं. "आजोबांचं नाव आहे की ते. मोरबा. सासऱ्याचं नाव सून घेते का कधी? आमच्याकडे आईनं कधी मोरी म्हटलं नाही, समोर म्हटलं नाही. शाळेत मला 'मोरा मोरा' कविता होती, ती पाठ करून घ्यायलासुद्धा शेजारच्या काकूकडे धाडायची."

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. "आजीचं नाव काय होतं?"

"सोनाबाई."

"घरात चंद्र कुणी आहे?"

"थोरले चुलते. चंदरतात्या."

आता एकच राहिलं होतं. "वडिलांचं नाव?"

"गुलाबराव," सुलभा म्हणाली. "का हो? काय झालं?"

मी उठून तिला मिठीच मारली. ती बावरली. हॉस्पिटलात लोक सहसा वाईट बातमी देण्याआधी एवढं प्रेम दाखवतात.

मॅडमच्या खोलीत मी जवळजवळ पळतच शिरले. सगळा नमुना टेबलावर पसरला आणि एकेक वळण दाखवलं. इथं अडखळ आहे, इथं नाही. इथं खरंच शब्द हरवला आहे, इथं तो तोंडाशी आहे आणि बाईनं दार लावून घेतलंय. मॅडम बराच वेळ वाचत राहिल्या.

"सुतावरून स्वर्ग तर गाठत नाहीयेस ना?" त्यांनी विचारलं. "दोनचार शब्द जुळले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला असं झालं नसेल कशावरून?"

"दोनचार नाहीत मॅडम. जिथं जिथं चकवा दिलाय तिथं तिथं घरातल्या वडीलधाऱ्याचं नाव आहे. आणि जिथं नाव नाही तिथं एकदाही असा चकवा नाही, तिथं नुसतीच धडपड आहे. फांदी प्रत्येक वेळी कावळ्याखालीच कशी मोडेल?"

मॅडमनी चष्मा काढला. "माझी आजी आजोबांना 'इकडून' म्हणायची," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण शब्दच टाळणं... हे आमच्याकडे आईच्या पिढीतच गेलं होतं. मला सुचलंच नसतं." मग चष्मा पुन्हा लावला. "चांगलं काम केलंस. पण मला पटणं वेगळं आणि सोमवारी त्या साहेबांना पटणं वेगळं. इंदुबाईंना विचार, एकदा तेवढे शब्द म्हणून दाखवतील का."

शनिवारी त्या हॉस्पिटलात आल्या तेव्हा मी विचारलं. इंदुबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि आपलं गुपित नव्हे, तर आपली रीत एवढी उशिरा कळल्याबद्दल मलाच वेड्यात काढलं.

"एवढं शिकलीस, आन् ह्ये ठावं न्हाई?"

"आता ठाऊक झालं. म्हणाल का पण?"

"न्हाई."

"एकदाच मावशी. बंद खोलीत."

"सासऱ्यानं मला लेकीवानी संबाळली. त्यांचं नाव चित्र बघून टाकू व्हय, पोपटावानी? मेले तरी न्हाई."

"पद जाईल."

त्या लुळ्या हातावर दुसरा हात ठेवून बसल्या. "पद गेलं तर गेलं," त्या म्हणाल्या. "टाकी जाईल त्याचं वाईट वाटंल. खालच्या आळीतल्या पोरींच्या डोईवर घागरी बघून मला रडू येतंय. पर सून म्हनून जे पाळलं ते सरपंच म्हनून मोडू का?"

घरी जाताना सायकल चालवत मी स्वतःशीच भांडत होते.

सोमवारी विस्तार अधिकारी वेळेवर आले. पोक्त, घाईतले, पण माणूस सभ्य. मागोमाग हिंदुराव खराडे आले. पांढरा शुभ्र पोशाख, कपाळाला बुक्का, आवाजात साय. "वैनी, बरं हाय का आता?" त्यांनी इंदुबाईंना विचारलं. इंदुबाईंनी नुसती मान हलवली आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

साहेबांनी कागद काढला आणि सुरुवातीपासून सुरुवात केली.

"पूर्ण नाव सांगा."

"इंदुबाई जगदाळे."

"पूर्ण. मधलं नाव?"

मोर, चंद्र, गुलाब यांच्या उत्तराची तयारी आम्ही केली होती. जगातल्या प्रत्येक तपासणीचा पहिला प्रश्न मात्र आमच्या डोक्यातच आला नव्हता.

इंदुबाई काही बोलल्या नाहीत. साहेबांनी आवाज थोडा वाढवला, बहिऱ्याशी बोलावं तसा. "बाई, तुमच्या मालकांचं नाव सांगा. आठवतंय का?"

इंदुबाईंच्या नाकपुड्या फुलल्या. पण तोंड मिटलेलंच.

"बघा साहेब," हिंदुराव हळहळून म्हणाले. "गुलाबदादांचं नाव आठवंना. काय दशा झाली माऊलीची."

आगाशे मॅडम पुढे सरकल्या. शांतपणे त्यांनी सगळं समजावून सांगितलं. रीत कोणती, शब्द कोणते, टेपवर काय आहे, अडखळणं आणि टाळणं यांत फरक कसा ओळखायचा. साहेब लक्ष देऊन ऐकत होते. पण हिंदुराव हसले.

"मॅडम, तुमी पुण्याच्या. आमच्या गावात आता सगळ्या आयाबाया नवऱ्याचं नाव सांगत्यात. रेशनच्या दुकानात, मुलाच्या शाळेत, समदीकडं. ही पळवाट झाली."

साहेबांनी पेन टेबलावर ठेवलं. "मॅडम, तुमचं म्हणणं मला पटतंय असं समजा. पण मी वर काय लिहू? बाईंना नाव सांगता आलं असं लिहायचं तर ते मला ऐकू यायला पाहिजे. नाहीतर सांगता आलं नाही असंच लिहावं लागेल."

सुलभानं आईचा हात घट्ट धरला होता. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या नजरेत मी पहिल्यांदाच हतबलता पाहिली. आणि त्या क्षणी साहेबांचा तो शब्द माझ्या कानात अडकला. सांगता. नाव सांगा, नाव सांगता आलं, सगळ्या सांगतात. आठवडाभर मी शब्दांच्या मागे लागले होते, पण क्रियापदाकडे लक्षच दिलं नव्हतं. आपल्याकडे बाई नवऱ्याचं नाव सांगत नाही. ती ते घेते.

मी विचार केला नाही. केला असता तर धीर झाला नसता.

"मावशी," मी म्हणाले, "नाव घ्या."

मॅडम दचकल्या. "विशाखा," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "अगं, त्या विधवा आहेत."

मला माहीत होतं. नाव घेण्याचा आग्रह सवाष्णीला करतात. लग्नात, बारशात, डोहाळजेवणात. मोकळ्या कपाळाच्या बाईला कुणी तो करत नाही, ती स्वतःच कोपऱ्यात सरकून बसते. हिंदुरावांनी कानाला हात लावला. "अवो बाई, काय बोलताय? जनाची न्हाई तर मनाची तरी ठेवा."

इंदुबाई माझ्याकडे बघत होत्या. रागावल्या की काय ते त्या वाकड्या तोंडावरून कळेना.

"असू दे," त्या म्हणाल्या. "पोरीला वरडू नगा. पंधरा वर्सांत ह्ये मला कुनी इच्यारलं न्हाई. मानूस गेला की त्याचं नावबी बाईच्या तोंडातनं काढून घेत्यात."

त्या उठल्या. सुलभानं आधार द्यायला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला केला. डाव्या हातानं टेबलाची कड धरली, पदर डोक्यावरून पुढे ओढला, घसा साफ केला. आणि जड जिभेनं, पण एकेक शब्द सुटा करून, म्हणाल्या,

"तोंड झालं वाकडं, पर वाकडं न्हाई मन,
खालच्या आळीला पानी पाजीन, ह्योच माझा पण,
गुलाबरावांचं नाव घेते, ऐका पंचजण."

'पानी पाजीन' म्हणताना त्यांनी हिंदुरावांकडे असं काही बघितलं की कुणाला कुठलं पाणी पाजायचं ते सगळ्यांनाच कळलं. हिंदुराव टाळूवरची टोपी काढून पुन्हा घालत राहिले.

साहेब तोंडाचा आ करून बसले होते. मग त्यांनी घाईघाईनं पेन उचललं. "पुन्हा एकदा म्हणता का? लिहून घेतो."

"नाव एकदाच घेत्यात," इंदुबाई खाली बसत म्हणाल्या. "ऐकलं न्हाई का?"

"ऐकलं बाई," साहेब म्हणाले, आणि मोठ्यानं उच्चारत लिहू लागले, "इंदुबाई गुलाबराव जगदाळे."

आगाशे मॅडम माझ्याकडे झुकल्या. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज विभागप्रमुखाचाच. "आयत्या वेळी रचलेलं आहे. यमक आहे, श्लेष आहे आणि टोमणा आहे. तिन्ही लिही," त्या म्हणाल्या. "आणि खाली सही तू कर. नमुना तुझा आहे."

मी सही केली. आजवर कितीतरी अहवालांवर केल्या, पण त्या सहीचा मला अजून अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. त्याहून जास्त अभिमान वाटला तो माझ्यासमोर बसलेल्या त्या बाईचा. तिनं रीत मोडली नाही, पदही सोडलं नाही. फक्त जे तिचंच होतं ते मागून घेतलं.

बाहेर आल्यावर सुलभा जिन्यातच रडायला लागली. "तुझ्या तोंडून बाबांचं नाव ऐकलं," ती म्हणाली. "लहानपणी ऐकलं असेल गं, पण आठवतच नव्हतं."

"ते हुते तवा बायका धरून बसवायच्या, म्हनून घ्यायची," इंदुबाई म्हणाल्या. "लाजून, घाईघाईत. आज सावकाश घेतलं." आणि माझ्या गालाला डावा हात लावला. "तुझंबी लगीन होऊ दे. आन् त्याचं नाव खुशाल रोज घे."

फाटकापाशी हिंदुरावांची जीप उभी होती. ते ड्रायव्हरला निघायची खूण करतच होते, तोच इंदुबाईंनी हाक मारली.

"भावजी, गावाकडंच चाललाय न्हवं? जागा हाय का?"

हिंदुराव घुटमळले. आजूबाजूला लोक होते, विस्तार अधिकारी पायऱ्यांवर उभे होते. "या की वैनी," ते म्हणाले, आणि खाली उतरून त्यांनी मागचं दार उघडलं.

इंदुबाई त्या दाराकडे बघत उभ्या राहिल्या. मग पाय ओढत, कुणाचा आधार न घेता, जीपला वळसा घालून ड्रायव्हरच्या शेजारच्या बाजूला गेल्या.

"मागं तुमी आन् सुलभा बसा," त्या म्हणाल्या. "सरपंच पुढं बसतीया."